उसन्या ड्रेडलॉक्सचं ओझं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सिंथेटिक ड्रेड्सबद्दल, म्हणजे आपल्या केसांत गुंफायच्या कृत्रिम धाग्याच्या ड्रेडलॉक्सबद्दल, मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. आधी एक सांगते. माझा स्वतःचा पहिला सेट मी गोव्यात किनाऱ्यावरच्या एका पार्लरमध्ये लावून घेतला होता, दिसायला भारी, पण इतका जड आणि इतका घट्ट की तीन रात्री मला उशीवर डोकं टेकवता आलं नाही, आणि मला वाटलं असंच असतं, होईल सवय. सवय झाली नाही. डाव्या कानशिलाजवळ रुपयाएवढी जागा विरळ झाली ती अजून पूर्ण भरलेली नाहीये. आता मी स्वतः लोकांना ड्रेड्स लावून देते, आणि मला हे काम मनापासून आवडतं, पण खाली प्रत्येक उत्तरात मी फिरून फिरून वजनावर आणि मुळांवर येणार आहे, ते का हे आता कळलं असेल.

प्रश्न: ताई, मी पुण्यात सेकंड इयरला आहे. केस खांद्याच्या जरा खाली, एकदम सरळ आणि गुळगुळीत. पहिल्यांदाच ड्रेड्स लावणारे. ऑनलाइन बघितलं तर स्मूथ, टेक्स्चर्ड, क्रोशे, सिंगल एंडेड, डबल एंडेड असं काय काय लिहिलेलं असतं. नक्की काय घेऊ आणि किती घेऊ?

उत्तर: एकेक करून बघू. आधी धागा. दुकानदार सगळ्यालाच कानेकालॉन म्हणतात, पण ते खरं तर जपानच्या कानेका कंपनीच्या धाग्याचं नाव आहे, १९५७ पासून निघतोय तो, मोडॅक्रिलिक जातीचा, म्हणजे एक प्रकारचा कृत्रिम धागा. दुसरे धागे पण येतात, कडक आणि चकचकीत, हातात घेतले की प्लॅस्टिकच्या दोरीसारखे लागतात, ते नको. स्मूथ ड्रेड म्हणजे सरळ धागा उलटा विंचरून फुगवायचा, पिळायचा आणि वाफेने बसवायचा. टेक्स्चर्डमध्ये धागा मुळातच बारीक कुरळा असतो, पाकिटावर मार्ली हेअर किंवा आफ्रो किंकी लिहिलेलं असतं, त्याला चमक नसते आणि अंगावर जरासे तंतू असतात. क्रोशे म्हणजे बारीक आकड्याने तंतू आत ओढून ओढून घट्ट केलेला ड्रेड, तो सगळ्यात खरा दिसतो आणि टिकतोही.

तुला मी टेक्स्चर्डच सांगेन. आपल्या केसांना स्मूथ ड्रेड लावला की उन्हात लगेच कळतं कुठे तुझा केस संपला आणि कुठे प्लॅस्टिक सुरू झालं. टेक्स्चर्डचं तसं होत नाही, आणि कुरळा धागा मुळातच फुगीर असतो त्यामुळे कमी धाग्यात जाडी मिळते, म्हणजे वजन वाचतं, माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं कारण. तोटा एवढाच की लोकरीचा स्वेटर, सॅकचं वेल्क्रो, ओढणीची जर, सगळीकडे ते तंतू अडकतात आणि कापसाचे कण पकडून ठेवतात. रंग घेताना नंबर बघ, १ म्हणजे काळाकुट्ट, आपले केस बहुतेकदा १बी किंवा २ ला जुळतात, आणि एकाच नंबरचे सगळे घेण्यापेक्षा दोन नंबर मिसळून घेतलेस तर जास्त खरे वाटतात.

डबल एंडेड म्हणजे लांब ड्रेड, दोन्हीकडे टोक. तो मधोमध दुमडायचा, त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पेड आणि तुझी बट हा तिसरा पेड, अशी तीनपेडी वेणी घालायची तुझा केस संपेपर्यंत आणि खाली छोटं रबर. बस, एवढंच आहे ते, आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला अर्ध्या तासात हात बसतो. सिंगल एंडेडला वर फास असतो, त्यातून बट ओढून घ्यायची, एका बटेला एकच ड्रेड येतो म्हणून तो हलका, पण सरळ केसांवर घसरतो लवकर. तुझ्या केसांना डबल एंडेड बरे. बटा साधारण इंचभर चौकोनी घे, आणि विटा रचतात तसे भांग एकाखाली एक न येता मध्ये मध्ये येऊ देत, म्हणजे टाळू दिसत नाही. वेणी अगदी मुळाशी आवळून सुरू करू नकोस, ड्रेड हाताने डावीउजवीकडे हलवता आला पाहिजे.

आता किती. संपूर्ण डोक्याला ४० ते ६० डबल एंडेड लागतात. समज ५० घेतलेस आणि एकेक ६ ग्रॅमचा निघाला, तर झाले ३०० ग्रॅम, पाव किलोच्या वर ओझं दिवसरात्र तुझ्या मुळांना लटकलेलं. म्हणून विकणाऱ्याला लांबी विचारण्याआधी वजन विचार, ग्रॅममध्ये. लांबीबद्दल पण नीट विचार, २४ इंच म्हणजे टोकापासून टोकापर्यंत की दुमडल्यावर, कारण यात खूप जणी फसतात, कमरेपर्यंतचे मागवले आणि खांद्याशी आले, किंवा उलट. पार्सल आलं की आधी किचनच्या वजनकाट्यावर ठेव. पहिल्या वेळेला पूर्ण डोकं करूच नकोस, मागच्या खालच्या भागात १०-१२ लाव, आठवडाभर राहा त्याच्यासोबत आणि मग ठरव.

प्रश्न: रोज पिंपरीहून हिंजवडीला टू-व्हीलरने जातो. ड्रेड्स लावले तर हेल्मेटचं कसं करायचं? मोठ्या साइजचं घेतलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार दादा. मोठं हेल्मेट म्हणजे डोक्यावर डुगडुगणारं हेल्मेट आणि पडल्यावर ते जागेवर राहत नाही. हेल्मेट तुमच्या आत्ताच्या मापाचंच राहणार आणि ड्रेड्सनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. वरच्या भागात, म्हणजे जिथे हेल्मेट दाबून बसतं तिथे, काहीच लावायचं नाही. दोन्ही कानांच्या वरच्या टोकांना जोडणारी एक रेघ मागून कल्पना करा, त्या रेघेच्या खाली जेवढे बसतील तेवढेच लावायचे आणि वरचे केस त्यावर मोकळे सोडायचे. गाडीवर बसताना खालचे सगळे मानेशी सैल बांधून जॅकेटच्या आत घ्यायचे. मानेपाशी हेल्मेटच्या कडेखाली वेणीची गाठ येत असेल तर रोज तासभर ती टोचत राहणार, तेव्हा ती ओळ एक बोट खाली सरकवा. तरीही हेल्मेट पूर्वीसारखं बसत नसेल तर हा नाद सोडा, किंवा रबरबँडवर बांधलेला तयार गुच्छ मिळतो तो घ्या, शनिवार-रविवारी पोनीवर अडकवायचा आणि काढायचा.

प्रश्न: ठाण्याहून लिहितेय. परवाच लावून आणले, दुसऱ्या दिवसापासून टाळू इतकी खाजतेय की झोप नाही. ॲलर्जी आहे का?

उत्तर: बऱ्याचदा धाग्यावर जे कोटिंग असतं त्याचा हा त्रास असतो. म्हणूनच लावण्याच्या आधी धागा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचा असतो, एक वाटी साधं पांढरं व्हिनेगर आणि चार-पाच वाट्या पाणी, रात्रभर ठेवलं की पाण्यावर पांढुरका थर येतो, तो टाकून धागा दोन-तीनदा स्वच्छ धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. हे कोणी सांगत नाही आणि पार्लरवाले वेळ वाचवायला करत नाहीत. तुझे आता डोक्यावर आहेत, तर तेच मिश्रण अजून पातळ करून स्प्रेच्या बाटलीत भर आणि वेणीवर, मुळांपासून जरा लांब मार, मग साध्या पाण्याने धू. दोन दिवसांत फरक पडला पाहिजे.

पण खाज वेगळी आणि दुखणं वेगळं, हे मात्र नीट ओळख. मुळाशी बारीक पुटकुळ्या, लाल गोल, बट हलवली की कळ, भुवया ताणल्यासारख्या वाटणं, ही ओढ आहे, कोटिंग नाही. तेव्हा स्प्रे मारत बसू नकोस, त्या बटा आजच्या आज सोडव. ओढीने गेलेले केस लवकर थांबलं तर परत येतात, पण महिनोन्महिने ओढ चालू राहिली तर मूळच मरतं आणि तिथे मग केस उगवत नाही, त्वचेचे डॉक्टर याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. आणि टाळू सुजली, पाणी सुटलं, फोड आले तर सगळंच काढ आणि सरळ डॉक्टरकडे जा.

प्रश्न: आम्ही चिपळूणचे. इकडे जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. मुलीने ड्रेड्स लावलेत, मी म्हणते डोक्याला तेल लाव, ती म्हणते चालत नाही, आणि धुतल्यावर दोन दिवस कुबट वास येतो. काय करावं?

उत्तर: तेलाच्या बाबतीत मुलगी अर्धी बरोबर आहे काकू. ड्रेडला तेल अजिबात नको, त्याला ते लागत नाही, प्यायचं कुठे त्याने, प्लॅस्टिक आहे ते. तेल नुसतं आत बसतं, धूळ धरतं, पुढे खवट होतं. पण टाळूला हवं असेल तर बोटाच्या टोकावर दोन थेंब घेऊन भांगाभांगात लावता येतं, धुण्याच्या आदल्या रात्री. तळहातावर घेऊन चोपडायचं नाही. शिकेकाईची पूड या काळात बंद, तिचा चोथा एकदा ड्रेडमध्ये शिरला की महिना निघत नाही. रिठ्याचं पाणी दोनदा फडक्याने गाळून घेतलंत तर हरकत नाही.

धुण्याचं असं. धाग्याच्या आत पाणी शिरत नाही पण तंतूंच्या मध्ये भरपूर राहतं, त्यामुळे ओला ड्रेड दिसतो त्यापेक्षा खूप जड असतो आणि ते सगळं वजन मुळांवर. म्हणून शॉवरखाली अख्खं डोकं भिजवायचंच नाही. मगात पाणी घ्या, त्यात चमचाभर शांपू, ते टोकदार तोंडाच्या बाटलीत भरा, सॉसची असते ना तशी, आणि फक्त भांगांवर सोडा, बोटांच्या पेरांनी चोळा, नखं नाहीत, मग तसंच साध्या पाण्याने. कंडिशनर नको, वेणी सैल होते. खालचे लांब ड्रेड्स दर वेळी धुवायची गरज नाही, आठवड्याला टाळू आणि तीन आठवड्यांनी कधीतरी सगळं, एवढं पुरे. नंतर पंच्यात धरून दाबायचं, पिळायचं नाही. पावसाळ्यात सकाळीच धुवायचं, सुट्टीच्या दिवशी, आणि पंख्याखाली बसायचं, हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर, कारण गरम हवेने धागा आकसतो. ओल्या डोक्याने झोपायचं नाही म्हणजे नाही. सगळ्यात उशिरा वाळते ती वेणीची गाठ, बाहेरून कोरडी लागते आणि आत ओल असते, तुमचा तो कुबट वास तिथला आहे. दोन बोटांत गाठ दाबून बघा, गार लागली तर अजून ओली आहे. वास एकदा बसला आणि धुऊनही जाईना तर त्या बटा सोडवून ड्रेड उन्हात टाका. खरं सांगू का, कोकणातल्या कुणी विचारलं तर मी ऑक्टोबरपर्यंत थांबायलाच सांगते.

आणि काकू, गॅसपाशी जाताना तिला ते मागे बांधायला लावा, दिवाळीत पणत्यांशी पण. मोडॅक्रिलिक धागा धडधडून पेटत नाही पण वितळतो आणि वितळलेला कातडीला चिकटतो.

प्रश्न: मी गडहिंग्लजची, सध्या मुंबईत नोकरी. ड्रेड्सचा फोटो घरी पाठवला तर आजी रडायला लागली. म्हणाली पोरीला जट आली, आता सौंदत्तीला न्यावं लागेल. आईने समजावलं तरी ऐकत नाही. मी काढून टाकू का?

उत्तर: हे पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझ्या आजीचं रडणं खोटं नाही गं, तिने काय काय पाहिलं असेल ते आपण पाहिलेलं नाही. त्या पट्ट्यात, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, मुलीच्या केसांत गुंता झाला आणि त्याची जट बनली की ते सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं बोलावणं मानलं जायचं, आणि त्यावरून कितीतरी मुली देवीला सोडल्या गेल्या, त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका गुंत्यावर ठरलं. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ ला कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला झाला, तरी भीती गेली नाही. जट कापली तर घरात कुणीतरी मरेल या धाकाने बायका वर्षानुवर्षं ती वाढवत राहतात, त्यात उवा होतात, मान दुखते, जखमा होतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जाऊन, कित्येकदा बसून बसून समजावून, त्यांच्या संमतीने जट सोडवतात. मला ते काम फार मोठं वाटतं.

जट होते कशाने तर केस विंचरले न गेल्याने, नीट धुतले न गेल्याने, गळलेले केस तिथेच अडकून तेल-धुळीत चिकटत गेल्याने. तुझ्या डोक्यावर आहे तो विकत आणलेला धागा, खाली तुझे केस वेणीत सुरक्षित आहेत, रबर कापलं की संपलं. पण हे आजीला फोनवर कळणार नाही. मी तुझ्या जागी असते तर पुढच्या सुट्टीत ड्रेड्ससकट घरी गेले असते, आजीला शेजारी बसवून तिच्याच हाताने एक वेणी सोडवायला लावली असती, तिला केस मोकळा झालेला दिसू दे, तिच्या बोटांना कळू दे. त्यानंतर ठेवायचे का काढायचे ते तू ठरव. आणि तिच्या जिवाला तरीही चैन पडेना तर तेवढे दिवस काढून ठेवलेस म्हणून तुझं काही कमी होत नाही, परत लावता येतात.

प्रश्न: टोरांटोला असते. इथे ऑफिसमधली जमैकन मैत्रीण माझे ड्रेड्स बघून गप्प झाली. मी काही चुकीचं केलं का?

उत्तर: तिला विचारलंस का? नसेल तर आधी विचार, माझ्यापेक्षा तिचं उत्तर महत्त्वाचं. मी एवढं सांगू शकते की जमैकात १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला, त्यांच्यासाठी लॉक्स म्हणजे बायबलमधलं व्रत, डोक्याला वस्तरा न लावण्याचं. १९६३ मध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स या ठिकाणी झालेल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी रास्ता लोकांना धरून धरून मारलं, कित्येकांचे लॉक्स जबरदस्तीने कापले, आणि सरकारने त्याची माफी मागितली ती २०१७ मध्ये. अमेरिकेत केसांच्या अशा ठेवणीवरून नोकरी नाकारू नये असा कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, ते २०१९ मध्ये. म्हणजे जे तू दोन महिने लावून काढणार आहेस त्याच्यासाठी तिच्या माणसांनी मार खाल्लाय. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे सांगते आणि मगच हात लावते. लावू नका असं मी म्हणत नाही, पण रास्ता टोपी, ते लाल-पिवळे-हिरवे पट्टे, ती बोली, असला वेष कृपा करून करू नका, आणि ड्रेड्सना डर्टी लुक वगैरे म्हणू नका.

प्रश्न: नागपूरहून. बाळ चार महिन्यांचं आहे, समोरचे केस खूप गळतायत, ड्रेड्सने ते झाकले जातील का?

उत्तर: नको. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं गळणं होतंच आणि ते बहुतेकींचं आपोआप भरून येतं, त्याच काळात मुळांवर ओझं टाकलंस तर जे परत येणार होतं तेही जाईल. शिवाय बाळ हातात येईल ते ओढतं. वर्षभराने लिही मला, तेव्हा बघू, आणि तेव्हासुद्धा कपाळाच्या कडेचे आणि कानशिलाचे बारीक केस सोडूनच.

प्रश्न: ढोल पथकात आहे, गणपतीत फेटा बांधायचा असतो. ड्रेड्स चालतील?

उत्तर: मागे खाली ८-१० सिंगल एंडेड, हलके, फेट्याखालून बाहेर येतील असे. वर काही नको, फेटा नीट बसणार नाही आणि घामाने आत भिजून जाईल. मिरवणूक संपली की त्याच रात्री टाळू धुवायची, गुलाल ड्रेडमध्ये राहिला तर निघता निघत नाही.

प्रश्न: मडगावला राहतो. तीन महिने झाले, आता वेणी मुळापासून दोन-तीन बोटं खाली आलीय आणि मध्ये गुंता दिसतो. घरी काढता येतील का? कापावे लागतील का?

उत्तर: तीन महिने जास्तच झाले रे, सहा ते आठ आठवड्यांत काढायला हवे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वेणी तेवढी खाली येते आणि सगळं ओझं त्या मोकळ्या बारीक केसावर लटकतं, तिथेच पीळ पडतो. पण कापावे लागणार नाहीत.

बहिणीला किंवा मित्राला सोबत घे, चार तास लागतील. रबर कापायला छोटी कात्री, आणि कात्रीचं टोक केसाच्या नाही ड्रेडच्या बाजूला ठेवायचं. वेणी खालून वर सोडवत ये. मुळाशी एक राखाडी गोळीसारखं काहीतरी दिसेल, ती धूळ, तेल आणि गळलेले केस आहेत, त्यावर खोबरेल किंवा कंडिशनरचा थेंब टाक, पाच मिनिटं थांब, बोटांनी फोड. मग रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून सुरू करून वर. प्रत्येक बट अशी पूर्ण मोकळी झाल्याशिवाय डोक्यावर पाणी घालायचं नाही, ही एक गोष्ट पाळ, कारण गुंता असताना भिजवलंस की तो आवळतो आणि मग खरंच कात्री लागते.

कंगव्यात केसांचा पुंजका येईल, बघून पोटात गोळा येतो, मला माहितीये. हिशोब कर. रोज माणसाचे ५० ते १०० केस गळतातच, तुझे ९० दिवस ते वेणीत अडकून राहिलेत, म्हणजे काही हजार केस एकदम बाहेर येणार. मुळाशी बारीक पांढरं टोक असलेले केस म्हणजे आपोआप गळलेले. मधूनच तुटलेले तुकडे जास्त दिसले किंवा टाळूवर कुठे गुळगुळीत चकचकीत जागा दिसली तर मात्र डॉक्टरला दाखव.

ड्रेड्स टाकू नकोस. जुन्या उशीच्या खोळीत भर, तोंड बांध, बादलीत शांपूच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, दाबून पाणी काढ आणि दोरीवर सावलीत टांग, दोन दिवस लागतील. सुटलेली टोकं हातावर पिळून, चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडव आणि लगेच गार पाण्यात, परत बसतात. हे डोक्यावर असताना कधी करायचं नाही, वाफेने मान भाजलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. आणि पुढचा सेट लगेच नको, निदान दोन महिने डोकं मोकळं ठेव, तोपर्यंत हे खोळीत कोरडे राहतील, त्यात दोन डांबरगोळ्या टाकायचा मोह मात्र टाळ, तो वास पुढचे सहा महिने तुझ्या नाकाशी राहील.